सोलमावशीचे गालिचे

सोलमावशीचं जगात कुणाशी पटत नसे. बुटांच्या कारखान्यात जन्मभर सोल चिकटवले म्हणून हे नाव पडलं. पण बरोबरच्या बायका म्हणत, हिच्या हाताला सोल चिकटतो, माणूस नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब कौतुकाचं भाषण करायला उभे राहिले, तर ही म्हणाली, “आवरा लवकर, माझी बस चुकेल.”

नवरा गेल्यावर ती तीन खोल्यांच्या घरात एकटी राहायची, आणि तिला तेच हवं होतं. फरशी गार, गुडघे कुरकुरणारे, म्हणून खोलीखोलीत गालिचे. एके दिवशी चहाचा कप घेऊन येताना पुढच्या खोलीतला गालिचा पायाखालून सटकला आणि मावशी सपशेल आडवी झाली. मनगट टम्म सुजलं. झालं, सुनेला आयतं निमित्त मिळालं.

“आई, एक तर हे गालिचे उचला, नाहीतर आमच्याकडे राहायला चला.”

“तुझ्याकडे? त्यापेक्षा पुन्हा पडेन.”

सून गालिच्याखाली घालायची रबरी जाळी घेऊन आली. जाळी चांगली होती, मापाची होती. पण सुनेने आणलेली होती. मावशीने ती कचऱ्याच्या डब्याखाली घातली. मग मुलाने येऊन सोफ्याचे पाय गालिच्यावर चढवले. तो जिना उतरतो न उतरतो तोच मावशीने दुखऱ्या मनगटाने सोफा ढकलून पुन्हा जागेवर नेला. हे कळल्यावर मात्र मुलगा भडकला.

“रविवारी येऊन बघतो. एक जरी गालिचा हलला, तर तुझं सामान बांधायचं. मग मी ऐकणार नाही.”

मावशीची झोपच उडाली. सुनेच्या घरात विचारून चहा करायचा, विचारून खिडकी उघडायची! त्यापेक्षा मरण बरं. तिने बुटांचे सोल चिकटवायच्या पिवळ्या सोल्युशनचा डबा आणला आणि गुडघ्यांवर बसून फरशी घासून कोरडी केली. सोल्युशनचा एक हात गालिच्याच्या पाठीला, एक फरशीला. मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागावं, पण बोटाला काही येऊ नये, तेव्हाच दाबायचं. एकेक कोपरा दाबताना तिने सुनेला एकेक शिवी हासडली, त्यामुळे दाब फारच छान बसला.

रविवारी सुनेने आल्या आल्या पहिल्या गालिच्याला टाचेने रेटा दिला. हलेना. वाकून कड ओढली. निघेना. मग ती खोल्याखोल्यांतून ओढत सुटली. मुलाने तर दोन्ही पायांनी उड्या मारल्या.

“झाली परीक्षा?” मावशी दारात हाताची घडी घालून उभी होती. “की अजून नाचायचंय?”

मुलगा हसला. बऱ्याच दिवसांनी असा मोकळा हसला. “जिंकलीस बाई तू. आणि बरंच झालं. कंपनी मला परदेशातल्या कारखान्यावर पाठवतेय. तू पडशील म्हणून मी टाळत होतो. आता होकार कळवतो.”

“किती दिवसांसाठी?”

“दिवस कसले, कायमचंच म्हण.”

“तुम्हाला एकटंच राहायचं होतं ना, आई,” सून म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच होती, पण खोटं काही नव्हतं.

“जा की. मी काय पाय धरलेत?”

दोघं जिना उतरू लागली. मावशीला मुलाचा राग आला, सुनेचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. भांडायला का होईना, कुणीतरी येत होतं. आता तेही नाही. ती लगबगीने जिन्याच्या कठड्याशी गेली.

“अरे, ऐक! बाथरूमपुढचं पायपुसणं राहिलंय! ते सरकतंय अजून!”

खरं तर ते तिने सगळ्यात आधी चिकटवलं होतं.

“मग त्यालाही फास तुझं सोल्युशन!” मुलगा खालून हसत ओरडला आणि रस्त्यावर गेलासुद्धा.

सून मात्र जिन्यात थांबली. ते पायपुसणं तिने मघाशी स्वतः ओढून पाहिलं होतं. तिने मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. मग ती नवऱ्याच्या मागे निघून गेली.