मेसचं मीठ

पोलिसाला संप करता येत नाही. घोषणा दिली की नोकरी गेलीच समजा. म्हणून नाराजी सांगायची आमच्यात एकच जुनी वाट आहे, मेसमधलं जेवण सोडायचं. जेव म्हणून हुकूम कोणाला देता येत नाही, आणि सगळ्या स्टाफनं एकदम ताट नाकारलं की साहेबाला ते कारणासकट वर कळवावंच लागतं. मी मूळचा धुळ्याकडचा, सिल्वासात साहेबांची गाडी चालवणारा शिपाई. हे प्रकरण इतकी वर्षं नुसतं ऐकून होतो. गेल्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष केलं, आणि आठवलं की अजून तोंड कडू होतं.

कारण काय, तर कुत्रं. साहेबांनी एक केसाळ विलायती कुत्रं पाळलं होतं. थंड मुलखातलं जनावर, इथल्या उकाड्यात दिवसभर जीभ काढून पडायचं, आणि अंगभर गोचिडी. त्याचं नहाण-धुणं बंगल्यावर ज्याची ड्यूटी असेल त्याच्याकडे. आधी ती ड्यूटी आमच्या हवालदारांकडे होती. कोकणातला माणूस, निवृत्तीला आलेला, बोलायला लागला की सगळ्यांचा बाप. ते म्हणायचे, बंगला ड्यूटी म्हणजे माहेर रे, ना बंदोबस्त, ना ऊन, दुपारी पंख्याखाली मस्त डोळा लागतो. पुढे साहेबांच्या बायकोला, मॅडमना, घरात बाईमाणूस हवं झालं. हवालदार ठाण्यात परत आले आणि त्यांच्या जागी किलवणीची एक मुलगी गेली.

मुलगी नवीन भरतीची, अजून कायम झालेली नव्हती. आई-बाप दोघं खडोलीला कारखान्यात राबतात, घरातली पहिली सरकारी नोकरी हिची. तिनं काही दिवस मुकाट्यानं केलं. केस बाजूला सारून गोचीड उपटायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. एकदा रक्तानं टम्म फुगलेली एक तिच्या बोटांतच फुटली. शी! तिला तिथंच अंगणात उलटी झाली, तर मॅडमनी तिच्याकडूनच अंगण धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी ती युनिफॉर्म घालून साहेबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली की कुठलाही बंदोबस्त द्या, हे मी करणार नाही. साहेबांनी रिपोर्ट लिहिला, हुकूम मोडला, नोकरीला लायक नाही. कायम न झालेल्या माणसाला घरी बसवायला तेवढं पुरतं. सोमवारी रिपोर्ट वर जाणार होता.

जेवण सोडायची कल्पना हवालदारांची. बॅरेकमध्ये उभं राहून काय बोलले ते! आपली लेक असती तर, वर्दीची काही इज्जत आहे की नाही, वगैरे वगैरे. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. शनिवारी कोणीच ताटाला हात लावला नाही. आता खरे उपाशी किती राहिले ते विचारू नका. राखोलीच्या रस्त्यावर भजियावाल्याच्या गाडीमागं आमचेच लोक तोंड चुकवून उभे होते. मला बघून एक जण तोंडात भजं असतानाच म्हणाला, 'चाल ने भाई, मेसमां थोडुं खाधुं छे?' म्हणजे, मेसमध्ये कुठं खाल्लंय! पण ताटं तरी नाकारली होती ना, म्हटलं ठीक आहे.

रविवारी दुपारी साहेब स्वतः मेसमध्ये आले, ते कुत्र्याला घेऊन. आम्ही भरल्या ताटांपुढं हाताची घडी घालून बसलेलो. साहेबांनी माझ्या समोरचं ताट उचललं आणि कुत्र्यापुढं जमिनीवर ठेवलं. कुत्र्यानं भात-वरण सगळं चाटूनपुसून खाल्लं. साहेब हसून म्हणाले की याला चालतं, मग तुम्हाला काय धाड भरलीय. माझं डोकंच फिरलं. पण मला उठवेना, कारण ह्याच साहेबांनी माझी बायको गावी आजारी पडली तेव्हा रजेच्या अर्जाचीसुद्धा वाट न बघता स्वतःची गाडी देऊन मला पाठवलं होतं. ते मी विसरलेलो नाही. साहेबही विसरलेले नव्हते. ते माझ्याच जवळ येऊन थांबले.

'तू तरी खाल्ल्या मिठाला जाग रे.'

'साहेब, मीठ मेसचं आहे. ते आमच्याच पगारातून येतं.'

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. साहेबांचं तोंड उतरलं. ते कुत्र्याला ओढत निघून गेले, आणि मला आनंद झाला म्हणावं तर तोही झाला नाही. ज्या माणसाचे उपकार अंगावर, त्यालाच चारचौघांत असं बोललो. आणि त्यांनी ते उपकार बाहेर काढले ते कशासाठी, तर गोचिडींसाठी.

संध्याकाळी वरून फोन आला असावा. साहेब पुन्हा मेसमध्ये आले, ह्या वेळी साध्या कपड्यात आणि एकटे. मुलीला बेटा म्हणाले. रागाच्या भरात लिहिलं, म्हणाले, आणि सगळ्यांसमोर रिपोर्ट फाडला. तिची नोकरी राहिली. तिनं पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले. मग साहेबांनी श्रीखंड मागवलं, स्वतः आमच्या पंगतीत बसले, दोघा-तिघांनी मोबाईलवर फोटो काढले. हवालदारांना तर साहेबांच्या शेजारची जागा मिळाली.

जेवता जेवता साहेबांनी अगदी सहज विचारलं, 'मग उद्यापासून बंगल्यावर कोण येतंय?'

मी म्हटलं आता सगळे गप्प बसतील. बसलेच पाहिजेत. त्या मुलीचा हात ताटातच थांबला होता.

'येतो की मी,' हवालदार म्हणाले. 'माझंच काम होतं ते, साहेब. गोचिडींचं काय एवढं, मी तर नुसत्या हातानं काढतो.'

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बॅरेकमध्ये लेकीची आठवण काढणारा तो माणूस मुलीकडं एकदाही न बघता हसला. ती ताट तसंच ठेवून हात धुवायला उठली. हवालदारांनी भातावर वरण घेतलं, एक घास चाखला आणि मला म्हणाले, 'जरा मीठ सरकव रे इकडं.'