घडी न मोडलेली बंडी

"काका, अब्बा गेले," एवढंच सलीमभाईची पोरगी रुबीना फोनवर बोलली. दर्यापूरहून मिळंन त्या एसटीनं अकोटला पोचलो, तोवर माती झाली होती. दीड महिना होत आला याला...

सलीमभाई अकोटच्या बाजारात शिंपी होता. मी जिनिंगला कापूस घेऊन जायचो, नंबर लागेपर्यंत त्याच्या दुकानात बसायचो. तिथून दोस्ती. एका ईदेला त्यानं मला बंडी शिवून दिली, पांढरी, खिशाला दुहेरी शिवण. मी ती कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली. पुढं दर बाजाराला मी जुन्याच बंडीत. तो चहा पाजायचा, पण बोलणं कमी झालं होतं.

मग एक दिवस जीपनं तो माझ्या घरी आला, गळ्यात टेप घालून. माझ्या बायकोला म्हणाला, वहिनी, माप चुकलं दिसते, बंडी द्या, उसवून देतो. तिनं पेटीतून काढून दिली. डांबरगोळ्यांचा वास, घडी जशीच्या तशी. सलीमभाईचं तोंड उतरलं.

"दादाराव, आवडली नसंन तं तोंडावर सांगा लागत होतं. आमच्यात दिलेलं कापड देणाऱ्यासमोर अंगात घालतात. नाई तं त्याले कसं समजंन?"

मी चौथी शिकलेला, पण मिंधा कोणाचा नाही. सरळ सांगितलं, "माह्या आज्याले लोकं उतरलेले कपडे देत. उभ्याउभ्या घालून दाखवा लागे, अन् देणारा हासे. बाप सांगून गेला, कोणी रेशीम देल्लं तरी त्याच्यासमोर घडी मोडाची नाई. आपल्या दिवशी, आपल्या मर्जीनं घालाचं. बुद्धपौर्णिमेले घालीन."

दुसरा कोणी रागानं उठून गेला असता, नाहीतर मला चार गोष्टी शिकवल्या असत्या. सलीमभाईनं गळ्यातला टेप काढून खिशात घातला.

"मंग पौर्णिमेले पाहाले येतो," म्हणाला.

आणि आला. विहारात मागच्या सतरंजीवर बसून पूर्ण वंदना ऐकली. खीर खाताना माझ्या खांद्याची शिवण बोटानं चाचपून पाहिली आणि एवढा खूश झाला, की माझी बायको हसली. पुढं दरसाल यायचा. नवी बंडी द्यायचा ती कागदात बांधून. घालून दाखव, हे कधी म्हणाला नाही. सलीमभाईला दुसऱ्याची रीत एकदा समजली की तो वाद घालत नसे. एवढ्या मोठ्या काळजाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात गेलो. मशीनवर आता रुबीना बसते. तिनं एक बंडी पुढं केली. अब्बांनी तुमच्यासाठी कापून ठेवली होती, शिवून मी काढली, बटणं तेवढी राहिली. लावून कागदात बांधून देते, म्हणाली.

मी ती तिच्या हातातून घेतली आणि तिथंच अंगात घातली. गिऱ्हाईक पाहत होते, पाहू दे.

"काका, पौर्णिमा तं लांब आहे."

"मालूम आहे मले. अंगावरच लाव बटणं."

ती सुई ओवून पुढ्यात आली. वरच्या बटणापासून सुरुवात केली. शेवटचं बटण लागेपर्यंत मी हललो नाही.