स्पिरिटचा डबा आणि आम्ही तिघं

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, बाकी सगळीकडे मिळते. किराण्याच्या मागच्या दारी, नाल्याच्या काठी, लग्नाच्या मांडवाआड. माझ्या नवऱ्याला तर डोळे बांधून सोडला असता तरी सापडली असती. शेवटी एकदा रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुन्हा प्यायले तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही. खायला काय द्यायचं तेही सांगितलं. मऊ भात, पातळ वरण, सगळं गरम. शिळं नाही, तिखट नाही.

त्याच महिन्यात आमच्या मच्छीमार सोसायटीला धरणात पिंजरे मिळाले होते. निळ्या ड्रमांवर तरंगणाऱ्या जाळ्या, आत पंगास मासे. मुलचेऱ्याकडचे बंगाली व्यापारी मासे घ्यायला तयार होते, पण राखण करायला कोणी तयार नव्हतं. पिंजऱ्याला बांधलेल्या बोटीवर रात्रंदिवस राहायचं. काठाला जंगल, आणि जंगलात वाघ. उतरायच्या जागी चिखलात त्याचे पंजे मीसुद्धा पाहिले होते. सोसायटीच्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं पाहत बसले, तेव्हा मी म्हटलं, आम्ही राहतो, नवरा-बायको. नवऱ्याला विचारलं का? नाही विचारलं. चहूकडे पाणी आणि पाण्याच्या पलीकडे वाघ, याहून चांगली कोठडी मला कुठे मिळणार होती?

बोट फायबरची होती. वर बांबूच्या कमानी वाकवून ताडपत्री टाकलेली. दोघं आडवे झालो की पायाला पाय लागायचा. पहिल्या आठवड्यात पिंजऱ्यांच्या योजनेचे साहेब आले आणि स्वयंपाकाचं विचारलं. मी म्हटलं, गावातून छोटा सिलिंडर आणते. ते नको म्हणाले. गॅस गळला तर तो बोटीच्या तळाशी जाऊन बसतो, कळतही नाही, आणि काडी ओढली की संपलं. लाकडं बोटीवर पेटवायची नाहीत, काठावर फॉरेस्टवाले पेटवू देत नाहीत. मग त्यांनी पिशवीतून एक पितळेची वाटी काढली, भोवती पत्र्याचं कडं. स्पिरिटचा स्टोव्ह. पाण्यानं विझतो, म्हणाले, बोटीवर हाच चांगला. आणि पाठोपाठ भरलेला डबा माझ्या पायाशी ठेवला.

मी डब्याचं बूच काढलं. वास सुटला. नवरा पिंजऱ्यावर खाणं टाकत होता, पाठमोरा. त्याची मान वळली. त्यानं दुसरं काही केलं नाही, फक्त मान वळली, पण मी बूच परत घट्ट दाबलं. गावभर पसरलेल्या दारूपासून याला तोडून आणला, आणि इथे साहेब लोकांनी डबा भरून घरपोच दिली, तीही जहराची. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, ही पोटात गेली तर माणूस आंधळा होतो, मरतो.

स्टोव्हही असा चेंगट, की भात होईपर्यंत भूक मरून जायची. उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. पेटलाय की विझलाय कळायला मी चिमूटभर मीठ टाकायची, मग पिवळी जीभ वर यायची. स्पिरिट संपली की वाटी निवेपर्यंत थांबायचं, गरम वाटीत ओतलं तर भडका. अर्धवट शिजलेल्या भातापुढे आम्ही दोघं वाट पाहत बसायचो. मी दोन दिवस स्टोव्ह बंदच ठेवून पाहिला. भिजवलेले पोहे, गूळ, दाणे. चौथ्या जेवणाला त्याचं पोट असं धरलं, की मीच घाबरून वाटी भरली. म्हणजे बघा, याला जगवायचं तर गरम भात पाहिजे, आणि गरम भात पाहिजे तर ती स्पिरिट पाहिजे. अडकवायला निघाले होते त्याला, अडकले मी.

डबा मी उशाला घेऊन झोपायची. झोपायची म्हणजे पडायची. मागच्या बाजूला आंघोळीला आडोसा केला होता, तिथेही डबा बरोबर. सकाळी उठलं की आधी डबा उचलून हलवायची, काल होता तेवढाच जड आहे ना. नवरा हे सगळं पाहायचा. जाळं शिवायचा, माशांना खाणं द्यायचा, भांडी घासून द्यायचा. लग्नानंतर इतका चांगला तो कधी वागला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

अशात माझा भाऊ आला. दर बाजाराला तोच आम्हाला तांदूळ-भाजी पोचवायचा, डोंग्यातून. त्या दिवशी तो आला आणि मागून वारं सुटलं. असं सुटलं की धरणात लाटा उठल्या आणि पाऊस आडवा मारायला लागला. डोंगा घेऊन परत जाणं म्हणजे मरणं. दोघांच्या बोटीत आम्ही तिघं, आणि ताडपत्री खाली ओढली की उठून बसायलाही जागा नाही.

भाऊ रोजचा पिणारा. कमरेला मोहाची बाटली होती, ती त्यानं पहिल्याच दिवशी आमच्याकडे पाठ करून संपवली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, आणि डोळे डब्यावर गेले. मी स्टोव्ह भरत होते. त्यानं माझ्या हातातून बूच ओढलं, त्यात थोडी स्पिरिट घेतली आणि काडी लावली.

ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आमच्याकडे मोहाची दारू चोख आहे की पाणी घातलेली, हे असंच पाहतात. पेटवायची. निळी जळली तर चोख. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी हेच पाहिलं आहे, आणि डोक्यात ते इतकं घट्ट बसलं आहे, की निळ्या ज्योतीवर आमचा माणूस डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

"पाह्य ना भाऊजी," भाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाला, "कशी निळी जळून राह्यली. पहिल्या धारेची बी अशीच जळते."

"जहर आहे ते," मी म्हटलं. "डोळे जातीन तुये."

"साहेब लोक भेव दाखवून राह्यले, बाई. जहर असं निळं जळते का? थोडीशी पाण्यात टाकून पाहू. काय म्हनता भाऊजी?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या बुचातल्या ज्योतीकडे पाहत होता. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, एवढं मला दिसलं, आणि माझा धीर सुटला. मी डबा उचलला, ताडपत्री सारली आणि पावसात बोटीच्या कडेला गेले. जाऊ दे पाण्यात. मग कच्चे तांदूळ खाऊ.

"फेकू नको," नवरा मागून म्हणाला. "दे इकडे."

"मरायचं आहे का तुमाले?"

"दे म्हणतो ना."

तो गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आला आणि डब्याला हात घातला. मी सोडेना. बोट कलली, भाऊ ओरडला. नवऱ्याच्या अंगात त्या दिवसांत जोर असा नव्हताच, मला ढकलता आलं असतं. पण ढकललं असतं तर तो पाण्यात गेला असता. मी सोडला. सोडला आणि तिथेच ओल्यात बसून राहिले. मनात म्हटलं, संपलं आता सगळं. मी विधवा झाले.

त्यानं डबा ताडपत्रीखाली नेला. वाटी भरली. पेटवली. वर पातेल्यात पाणी ठेवलं.

"चहा करता का?" भावानं आशेनं विचारलं.

"नाई. जाळून राह्यलो," नवरा म्हणाला.

पाणी उकळलं. त्यानं ते पावसात ओतून दिलं. वाटी निवायची वाट पाहिली, पुन्हा भरली, पुन्हा पेटवली. भाऊ आधी हसला, मग शिव्या दिल्या, मग भाऊजी थोडी तरी ठेवा म्हणून पाया पडला, आणि मग तोंडावर चादर घेऊन कुडकुडत पडून राहिला. वास साऱ्या बोटीत कोंडला होता. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. तो त्या वाटीवरून नजर काढत नव्हता आणि मी त्याच्यावरून.

"फेकली असती तं काय झालं असतं?" मी शेवटी विचारलं.

"तू फेकली असती. मंग त्यात मी काय केलं असतं?" तो म्हणाला. वाटी पुन्हा भरली आणि म्हणाला, "मले रोज वाटते. सकाळी उठल्याबरोबर वाटते. आता बी वाटून राह्यलं. पन तू मले कधी विचारत नाई. डब्याले विचारते."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं याची ओकारी कुणी काढली, दवाखान्यात याच्या पायाशी कोण बसलं होतं, आणि हा मला शिकवतो. पण डबा मी हलवायची हे खरंच होतं. मी पातेलं पाण्यानं भरून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते स्टोव्हवर चढवलं. असं करत दिवेलागणीला डबा रिकामा झाला. त्यानं तो उपडा करून दाखवला, मला नव्हे, भावाला.

दुसऱ्या दिवशी वारं पडलं. दुपारी सोसायटीची मोटरबोट आमची खबर घ्यायला आली. भाऊ आधी तिच्यात चढला, माझ्याकडे न पाहता. बोटीवरच्या माणसानं तांदूळ दिले, बटाटे दिले, आणि शेवटी नवा डबा माझ्या हातात दिला. गळ्यापर्यंत भरलेला, बुचाला सील तसंच. घेताना माझ्या खांद्याला कळ लागली. दुसरं काय येणार होतं? जेवण तर रोजच करायचं होतं.

मोटरबोट गेली. पुन्हा आम्ही दोघं, पिंजरे आणि पाणी. नवऱ्यानं हात पुढे केला.

"दे," तो म्हणाला. "तू तांदूळ धू."

डबा पोटाशी धरून मी किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. "आज किती वाटते?" मी विचारलं.

"लय," तो म्हणाला.

मी डबा त्याच्या हातात दिला. मग तांदळाचं भांडं घेऊन बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. मागे सील तुटल्याचा आवाज आला. मी वळले नाही, तांदूळ धूत राहिले.