मंदावलेला दिवा

आमच्या कारखान्यातल्या ट्रान्स्फॉर्मरला मुद्दाम अर्थिंग दिलेलं नाही. एखादी तार जमिनीला टेकली तरी मशिनं थांबत नाहीत. पॅनेलवरच्या तीन दिव्यांपैकी एक फक्त मंदावतो. परवा तो मंदावला.

"अहो, आणखी एक तार टेकली तर भडका उडेल. बंद करून शोधू द्या," मी सुपरवायझरना म्हणालो.

"मशिनं चालतायत ना? मग तुम्ही एवढे का तापताय?"

संध्याकाळी तसाच वारज्याला घरी गेलो. सकाळी धावतच पॅनेलपाशी गेलो, तर तिन्ही दिवे सारखे. हायसं वाटलं. तरी राहवेना, म्हणून पॅनेल उघडलं. ज्या तारेमुळे दिव्यांना बिघाड कळतो, तीच कोणीतरी सोडवून, टोकाला छान टेप गुंडाळून ठेवली होती.

"झाला ना तुमचा दिवा ठीक?" मागून सुपरवायझर म्हणाले.