निळ्या स्वेटरातला पांढरा दोरा

निरोप आला तेव्हा मी बर्फखान्याच्या आतल्या खोलीत मासळीच्या पेट्या रचत होतो. मुकादमाने दार उघडून एवढंच म्हटलं, "घरी जा... बायको बरी नाही." मी तसाच निघालो. पापडीला घरी पोचलो तर अंगणात माणसं जमली होती, आणि मेच्या दुपारी माझ्या अंगात जाड निळा स्वेटर होता. मेहुण्याने माझे हात एकेक करून बाह्यांतून बाहेर काढले. उकडतंय हे मला तोवर कळलंही नव्हतं. मार्था गेली होती.

वसईत स्वेटर कोण घालतं? हा मार्थानेच विणलेला. लग्नानंतर मी बर्फखान्यात लागलो आणि थोड्याच दिवसांत खोकू लागलो. तिने तोवर सुया हातात धरल्या नव्हत्या. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मुलींना विणकाम शिकवायच्या, त्यांच्याकडे ती जाऊ लागली आणि एक दिवस मला घेऊन वसईतल्या होळी बाजारात गेली. तिथल्या दुकानात लोकर असायची ती बहुतेक बाप्तिस्म्याच्या टोपड्यांसाठी, बारीक, गुलाबी नाहीतर आकाशी. पुरुषासाठीची जाड लोकर वरच्या फळीवर. अस्सल लोकर आम्हाला परवडणारी नव्हती, शिवाय मासळीचा वास घालवायला रोज बादलीत बुचकळली तर ती आटणार. म्हणून सिस्टरांनी ॲक्रिलिकची घ्यायला सांगितलं होतं. स्वस्त, जाड, धुवायला सोपी. लोकरीचे सगळे गुंडे एकदमच घ्यायचे, मागाहून आणले तर रंगात फरक पडतो. आणि रंग फिका घ्यायचा, नव्या हाताला टाका दिसला पाहिजे.

मार्थाने बदामी गुंडा माझ्या छातीशी धरून पाहिला. हे घालून गेलो तर कामावरची पोरं मला बाळ म्हणतील, असं मी कुरकुरलो.

"म्हणू द्या की," ती म्हणाली. "बाळाचा खोकला तरी जाईल."

दुकानदार हसला. ते मला लागलं. मी गडद निळे, जवळजवळ काळेच गुंडे पुढे ओढले. तिने आवाज खाली आणला. "अवो, यात मला टाका दिसायचा नाही."

"सवय होईल," मी म्हटलं. तिने बदामी गुंडा फळीवर परत ठेवायला दिला.

मग ती दुपारी उंबऱ्यावर उन्हात बसू लागली. वीतभर विणून झालं की खाली कुठेतरी गळलेला टाका सापडायचा, आणि सगळं उसवावं लागायचं. मी आलो की ती विणकाम पिशवीत टाकायची. एकदा मी लवकर आलो, तर ती डोळे मिटून, रोजरीचे मणी चाचपावेत तसे टाके बोटांनी चाचपत होती... शेवटी सिस्टरांनी तिला युक्ती शिकवली. थोडं विणून झालं की शिवणाचा पांढरा दोरा त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. मग उसवलं तरी त्या दोऱ्यापाशी थांबतं.

स्वेटर पुरा झाल्यावर तिने ते दोरे ओढून काढले. छातीवरचा एक मात्र ठेवला. दिसेल, काढून टाक, असं मी म्हटलं.

"आतून आहे, कोणाला दिसतोय? राहू द्या... उसवलाच कधी, तर इथवरच उसवेल."

कामावर कोणीही हसलं नाही. आमच्यातला एक जण तर मुलीची गुलाबी शाल डोक्याला गुंडाळून पेट्या उचलायचा. त्याला रोज पाहत होतो मी. दुकानात उभा होतो तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

मार्थाने पुन्हा सुया हातात घेतल्या नाहीत. का, हे मी कधी विचारलं नाही. आम्हाला मूल नाही. आता कामावरून आलो की कुलूप मीच काढतो, दिवा मीच लावतो आणि कोणाला तरी हाक मारायची म्हणून कोंबड्यांना हाक मारतो.

मागच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर स्वेटर धुतला, उलटा करून तारेवर टाकला. गळ्याशी धागा सुटलाय. शेजारीण म्हणाली, द्या, सांधून देते. मी नको म्हटलं. दुपारी उंबऱ्यावर, ती बसायची तिथे बसलो आणि ती धरायची तसा स्वेटर उन्हाकडे धरला. कुठला टाका सुटलाय ते बघत होतो. पुष्कळ वेळ बघितलं... मला एकही टाका दिसला नाही. पांढरा दोरा तेवढा दिसला.