मूठभर हुलगा

वडूजहून येताना उंब्रजजवळ गाडीत रबर जळाल्याचा वास यायला लागला. गाडी पेटतेय की काय या भीतीनं मी दिसेल त्या पहिल्या गॅरेजपुढे थांबलो. मिस्त्री साठीचा, फौजी मिशांचा. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. डोळे मिटून एकेका चाकापाशी वाकला आणि हुंगत राहिला.

“वडूजकडनं आलासा व्हय? रस्त्यावर हुलगा पसरला व्हता?”

होता. गाड्यांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून एका म्हातारीनं निम्मा रस्ता अडवला होता.

जॅक लावून तो खाली सरकला. हुलग्याच्या वाळक्या वेलांचा पीळ ॲक्सलला बसला होता आणि तो घासून सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, तापलं होतं. मी कात्री पुढे केली, पण त्यानं पीळ बोटांनीच सावकाश उलगडला. अडकलेल्या शेंगा चोळल्या, फुंकर मारली आणि दाणे कागदात बांधून माझ्या हातात दिले.

“बूट शाबूत हाय. माघारी त्याच वाटंनं जाणार न्हवं? तिच्या ढिगात टाका. तिचं हाय ते.”

मी पुडी खिशात ठेवली. काच खाली करून त्या म्हातारीला मी काय काय बोललो होतो, ते त्याला सांगायचा धीर मला झाला नाही.