डिकीतली कोंबडी आणि नानांची स्कूटर

गॅरेजात कुठलीही जुनी गाडी खोलून परत जोडली, की एखादा नट, एखादा वायसर हमखास उरतो. गाडी चालू झालेली असते, गिऱ्हाईक खुशीत निघून गेलेलं असतं, आणि हा बापडा कुठला होता हे कुणालाच आठवत नाही. आमचे उस्ताद सलीमभाई तो उचलून डब्यात टाकतात आणि म्हणतात, "रहने दे मियाँ, कंपनीवालोंनेच जास्ती दिया होगा."

किश्शांचंही तसंच. गाडी जाते, किस्सा मागं उरतो. औरंगपुऱ्याच्या गल्लीतलं आमचं गॅरेज एवढंसं, पण एका स्कूटरनं तिथं जेवढे किस्से टाकले, तेवढे बाकीच्या सगळ्या गाड्यांनी मिळून टाकले नसतील. मला चारचौघांत सांगायला जमत नाही. तोंड उघडलं की कान लाल होतात. म्हणून लिहितो.

* * *

सुरुवात पोरगी बघण्याच्या कार्यक्रमापासून. देवगाव रंगारीचं स्थळ होतं. मला वडील नाहीत, म्हणून मोठं माणूस म्हणून मामा आले. सलीमभाई तर न बोलावताच तयार होऊन बसले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलीचं नाव अर्चना. मी तिच्याकडं एकदाच बघितलं आणि मग सगळा वेळ पोह्यांच्या रिकाम्या बशीकडं. पण तेवढ्या बघण्यात माझं ठरलं होतं. आता ठरायचं होतं ते तिच्या वडलांचं.

त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. नानांनी विचारलं, "शिक्षण?"

"आठवी," मी म्हणालो.

"पास का?"

मी परत बशीकडं बघितलं.

सलीमभाई मध्ये पडले. "नाना, लडके का सर्टिफिकेट नक्को देखो, हाथ देखो! कैसी भी बंद गाडी दो, चालू करके देता."

"कसली बी?"

"हौ, कसली बी!"

नाना उठले आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेले. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारल्या, तर खाली पत्र्याची जुनी स्कूटर. तिच्या हँडलला म्हैस निवांत मान घासत होती. नाना म्हणाले, "लई वर्षं झाली बिघडून. ही चालू करून आणा मेकॅनिक, मंग पुढचं बोलू."

बाहेर आल्यावर मामांनी सुस्कारा सोडला. "म्हंजी नायच म्हणले."

सलीमभाई म्हणाले, "नाय बोलना होता तो मुँह से बोलते. गाडी कायको देते?"

तेवढ्यात अर्चना कळशी घेऊन शेजारून गेली आणि खाली बघतच म्हणाली, "डिकीत कोंबडी बसलीय. जपून."

आमच्या दोघांचं हे पहिलं बोलणं!

* * *

कोंबडी खरंच होती. स्कूटरच्या डाव्या बाजूच्या डिकीचं झाकण कधीच गेलेलं, आत भुसा साठलेला, आणि भुशावर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर फुगून बसलेली. मी हात पुढं केला, तिनं बोटाला चोच मारली.

अर्चनाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, पदर खोचून रस्ता अडवला. "खुडूक कोंबडीला उठवायचं नसतं! अंडी थंड पडली म्हंजी?"

नाना लगेच म्हणाले, "मंग राहू द्या स्कूटर. काय गडबड नाय." मला तर ते जरा खुशच वाटले.

काकू म्हणाल्या, "राहू कशाला द्यायची? कोंबडीसकट न्या. फक्त एक बी अंडं फुटता कामा नये."

भगवान नावाचा एक ड्रायव्हर अद्रकाची पोती घेऊन शहरात निघाला होता. त्याच्या पिकअपमध्ये पोत्यांच्या मधोमध आम्ही स्कूटर उभी केली आणि बैलाच्या कासऱ्यानं बांधली. तरी ती हलायची, म्हणून भगवान म्हणाला, "तू वर बस. दाबून धर." सीट नव्हती, तिथं रिकामं पोतं टाकून मी बसलो. हँडल हातात आलं. आता हँडल हातात आलं की माणूस काय करणार? घाटात पिकअप डावीकडं वळली की मीही हँडल डावीकडं वळवायचो. उतार आला की ब्रेक दाबायचो. मागच्या जीपमधली पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती, ते मला फार उशिरा कळलं.

दौलताबादच्या अलीकडं पोलिसांनी पिकअप थांबवली. साहेबांनी खालून वर बघितलं. मी स्कूटरवर ताठ बसलेलो, दोन्ही हात हँडलवर.

"हेल्मेट कुठंय?" साहेब म्हणाले.

ते चेष्टेनं विचारत होते, हे मला आता कळतं. तेव्हा मी घाबरून म्हणालो, "घरी राहिलं साहेब!"

तेवढ्यात डिकीतून आवाज आला, कॉक्! साहेब पोत्यावर चढले, डिकीवर टाकलेलं बारदान उचलून आत बघितलं, तसंच अलगद झाकलं आणि भगवानला म्हणाले, "जा. पण सावकाश जा रे, लेकुरवाळी हाय."

* * *

पुढचे दिवस गॅरेजात वेगळेच गेले. सलीमभाईंनी हुकूम काढला, "ठोकाठाकी बंद! जच्चा है अंदर, बाळंतीण!" पत्रा ठोकायचा असेल तर आम्ही गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला न्यायचो. एका गिऱ्हाइकानं येऊन जोरात हॉर्न मारला, तर सलीमभाईंनी त्याची चावीच काढून घेतली. "मियाँ, दवाखान्यात असा हॉर्न मारता का?"

रोज सकाळी माझा फोन वाजायचा. अर्चना! पोरीनं पोराला फोन करायचा म्हणजे नानांनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण कोंबडीची चौकशी करायला कोण अडवणार?

"दाणे खाल्ले का?"

"खाल्ले."

"पाणी?"

"पिली."

"उठली व्हती का?"

"थोडी."

असं आमचं बोलणं. दोन-चार दिवसांनी मी हिय्या करून स्वतःहून एक वाक्य बोललो. "आज जरा उदास वाटत होती."

मग ती हळूच म्हणाली, "कोण? कोंबडी?"

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. सलीमभाईंनी कपाळावर हात मारून घेतला!

पिल्लं निघाली त्या दिवशी उस्तादांनी गल्लीभर पेढे वाटले. भेळवाल्यानं विचारलं, "सलीमभाई, क्या हुआ, पोता या पोती?"

* * *

पिल्लं टोपलीत गेल्यावर आम्ही गाडी खोलली. तेव्हा कळलं, की गाडी बिघडलेली कमी आणि गावात वाटलेली जास्त आहे! आरसा नाही, हॉर्न नाही, क्लचची केबल नाही, पेट्रोलची नळी नाही, सीट तर नव्हतीच.

मी परत देवगावला गेलो. अर्चनानं मला सगळ्या गल्लीतून फिरवलं. ती पुढं, मी चार हात मागं. पेट्रोलची नळी फवारणीच्या पंपाला लागली होती. हॉर्न चुलत्यांच्या ट्रॅक्टरवर. क्लचच्या केबलीनं एक शेळी बांधलेली. सीट देवळाच्या ओट्यावर होती, आणि तिच्यावर बसलेले आजोबा उठायला तयार नव्हते.

"ही तर देवळाची हाय," ते म्हणाले.

अर्चना म्हणाली, "आबा, खाली कंपनीचा शिक्का हाय बघा."

आबांनी उठून खरंच बघितलं. तेवढ्यात तिनं सीट उचलली आणि माझ्या हातात दिली. ही पोरगी आपल्याला पाहिजेच, असं मला त्या वेळी फार वाटलं.

आरसा निघाला खुद्द नानांकडं. न्हाणीच्या भिंतीत ठोकलेला. नाना समोर उभे राहून दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस.

"आरसा पाहिजे होता," मी म्हणालो.

"मंग मी दाढी कशात बघून करू?"

मी तिथंच उभा राहिलो. नाना माझ्याकडं बघत राहिले, मी आरशाकडं. शेवटी त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि वैतागून म्हणाले, "मेकॅनिक, तुला नाय म्हणायची बी सोय नाय. तू भांडतच नायस!"

तरी आरसा दिला नाहीच. मी नवीन घेतला.

* * *

एका दुपारी इंजिन फुरफुरलं. चालू! सलीमभाईंनी मला ट्रायलला पाठवलं. औरंगपुऱ्यातून थोडं पुढं गेलो आणि पेट्रोल संपलं. उस्ताद त्यांच्या मोटारसायकलवर मागून आले. म्हणाले, "तू सिर्फ हँडल पकड." आणि आम्ही मेकॅनिक लोक करतो तसं त्यांनी चालत्या गाडीवरून माझ्या स्कूटरला पाय लावून ढकलत पंपाकडं न्यायला सुरुवात केली.

मस्त चाललं होतं. पण चौकात उस्तादांना जुना दोस्त दिसला. "अरे, सलाम वालेकुम!" म्हणत त्यांनी पाय काढला आणि ते वळले. मी सरळ! समोरून रिक्षा आली, मी बाजूला घेतली, उतार लागला, आणि स्कूटर जाऊन थांबली ती एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीला टेकूनच.

आतून शेठ म्हणाले, "या या, बसा! काय दाखवू?"

काही नको म्हणायला पाहिजे होतं. पण ते इतक्या प्रेमानं बोलले! पाणी आलं. मग चहा आला. चहा प्यायल्यावर कुठल्या तोंडानं नको म्हणणार? "वहिनींचा रंग कसाय?" शेठनी विचारलं. माझे कान तापले. मी म्हणालो, "गव्हाळ."

उस्ताद मला शोधत आले, तेव्हा मी पायरीवर बसलेलो, मांडीवर खोका.

"पेट्रोल लाने निकला था," ते म्हणाले, "साडी लेके आया!"

* * *

आणि मग परतीचा दिवस. मी स्कूटर चालवत देवगावला नेली. मागं सलीमभाई, त्यांच्या मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी आणि पिल्लं. मामा एसटीनं पुढं गेले होते. वाटेत काही म्हणजे काही झालं नाही, म्हणून मला जास्तच धाकधूक वाटत होती. आज नाना काय ते सांगणार होते.

स्कूटरचा आवाज ऐकून सगळी गल्ली गोळा झाली. मी दारात गाडी लावली, बंद केली, आणि पहिल्या किकला परत चालू करून दाखवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामा म्हणाले, "नाना, झाली बघा तुमची अट पुरी!"

नानांचा चेहरा मात्र उतरलेला. "बंद करा ती. पेट्रोल जळतंय."

सलीमभाई म्हणाले, "नाना, एक चक्कर तो मारो!"

"माझा गुडघा दुखतोय."

"स्कूटर को गुडघा कायको लगता?"

"आज आवस हाय. आवसंला गाडीवर बसू नाय."

दारातून अर्चना म्हणाली, "आवस काल झाली, नाना."

गल्ली हसायला लागली. नाना टोपी काढून परत घालायला लागले. तेव्हा काकू हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "ह्यांना कुठं येती चालवता? माझ्या वडलांनी लग्नात दिली. हे एकदा बसले आन् उकिरड्यात गेले. तवापासून 'बिघडली, बिघडली' म्हणत्यात."

"अगं, लोकांत..." नाना म्हणाले.

"सरका!" काकूंनी पदर खोचला, नऊवारी सावरून घेतली आणि सीटवर बसल्या. "माहेरात मी शेतावर भाकरी घेऊन जायची हिच्यावर. बसा मागं."

नानांनी चहूकडं बघितलं. सुटका नव्हती. बसले.

काकूंनी असा काही गिअर टाकला, की सलीमभाईंच्या तोंडून "माशाल्ला!" निघालं. स्कूटर मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत आली. समोर एक शेळी आडवी आली, तर काकूंनी कचकन ब्रेक मारला, शेळी जाऊ दिली आणि मला ओरडून सांगितलं, "ब्रेक लई चांगला धरतो हां!" आणि परत निघाल्या.

दुसऱ्या फेरीला नाना म्हणत होते, "बास आता, थांब की!"

तिसऱ्या फेरीला काकूंचा आवाज आला, "आधी पोराला काय ते सांगा, मंग थांबते!"

"घरात बसून बोलू..."

"मंग बसा!" आणि स्कूटर देवळामागं गेली.

मामा देवाचं नाव घ्यायला लागले. सलीमभाईंनी माझा दंड धरला. मी अर्चनाकडं बघितलं, ती माझ्याकडंच बघत होती, आणि या वेळी दोघांपैकी कुणीच नजर खाली घातली नाही. देवळामागं इंजिनाचा आवाज चढला. काकूंनी वरचा गिअर टाकला होता.

वळणावरून स्कूटर आली. नानांची टोपी गेलेली, डोळे गच्च मिटलेले, आणि सगळ्या गावासमोर दोन्ही हातांनी काकूंच्या कमरेला मिठी मारलेली. आमच्यासमोरून जाताना ते जिवाच्या आकांतानं ओरडले:

"ओ जावईबापू! तुमच्या सासूला थांबायला सांगा!"